पोस्टग्रेसमधील तक्रारी एन८एनमार्फत ट्रेलोवर नेताना एकाच तक्रारीची अनेक कार्डे तयार होतात

वाइंडिंगवाला:

नमस्कार. सांगली जिल्ह्यात आमचे शेतीपंपांच्या मोटरी भरून देण्याचे आणि स्टार्टर दुरुस्तीचे दुकान आहे. फोनवर आलेली तक्रार दुकानात एका फॉर्ममध्ये भरली जाते आणि पोस्टग्रेस या डेटाबेसमधील तक्रारींच्या टेबलात जाते. फिटर मंडळी मात्र मोबाइलवर ट्रेलो हा कामांच्या कार्डांचा बोर्डच पाहतात आणि तिथे प्रत्येक फिटरची स्वतंत्र यादी आहे. म्हणून दुकानातल्याच संगणकावर डॉकरमध्ये (म्हणजे वेगळ्या कंटेनरमध्ये) एन८एन हे कामे आपोआप करणारे साधन बसवून एक वर्कफ्लो, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या नोडांची (टप्प्यांची) साखळी केली. शेड्यूल ट्रिगर दर पाच मिनिटांनी चालतो, पोस्टग्रेस नोड ज्यांचे कार्ड झालेले नाही अशा नोंदी आणतो, ट्रेलो नोड त्यांची कार्डे करतो आणि शेवटचा पोस्टग्रेस नोड त्या नोंदींवर 'कार्ड झाले' अशी खूण करतो.

दोन महिने सर्व सुरळीत होते. गेल्या सोमवारी, रात्रपाळीची थ्री फेज वीज येऊन गेल्यावर, सकाळी एकदम बारा तक्रारी नोंदल्या गेल्या. त्यांतील सात तक्रारींची कार्डे दर पाच मिनिटांनी पुन्हा पुन्हा तयार होत राहिली आणि उरलेल्या पाचांचे एकही कार्ड झाले नाही. लक्षात येईपर्यंत बोर्डावर ६३ कार्डे झाली होती. एका फिटरने जास्तीचे कार्ड दुसऱ्याच्या यादीत सरकवल्यामुळे एकाच विहिरीवर दोघे जण पोहोचले, आणि ज्या शेतकऱ्याचा ऊस पाण्यावाचून उभा होता त्याच्याकडे दुपारपर्यंत कोणीच गेले नाही. याचे मला फार वाईट वाटते. एक्झिक्युशनच्या नोंदीत ट्रेलो नोड लाल दिसतो आणि यादीचा क्रमांक अवैध असल्याचा संदेश आहे. पण एक नोंद चुकीची असेल तर बाकीच्या सातांची कार्डे पुन्हा का व्हावीत?

जुना_डीबीए:

आपण दिलेल्या वर्णनातच कारण आहे. एन८एनमध्ये एक नोड आलेल्या सर्व नोंदींवर आपले काम पूर्ण करतो आणि त्यानंतरच पुढचा नोड सुरू होतो. म्हणजे पहिल्या तक्रारीचे कार्ड आणि त्यावरची खूण, मग दुसऱ्या तक्रारीचे कार्ड आणि त्यावरची खूण, असा क्रम आपल्या मनात असला तरी प्रत्यक्षात बाराही कार्डे आधी आणि बाराही खुणा नंतर, असा क्रम चालतो. आठव्या नोंदीला ट्रेलोने नकार दिला, वर्कफ्लो तिथेच थांबला आणि खूण करणाऱ्या नोडपर्यंत काहीच पोहोचले नाही. ट्रेलोवर सात कार्डे झालेली आहेत हे डेटाबेसला ठाऊकच नव्हते. त्यामुळे पुढच्या फेरीत त्याच बारा नोंदी पुन्हा आल्या आणि पुन्हा आठवीवर अडल्या.

त्या आठव्या नोंदीचा फिटर कोण आहे ते पाहावे. बहुधा त्याच्या यादीचा क्रमांक फिटरांच्या टेबलात भरताना चुकला असेल.

दुरुस्ती अशी की दोन पोस्टग्रेस नोडांच्या मध्ये 'लूप ओव्हर आयटम्स' हा नोड घालावा, बॅचचा आकार १ (एका वेळी एकच नोंद) ठेवावा आणि कार्ड झाल्याबरोबर त्याच फेरीत खूण करावी. ट्रेलो नोडच्या सेटिंगमध्ये चूक झाल्यास थांबण्याऐवजी चुकांसाठीच्या वेगळ्या वाटेने पुढे जाण्याची सोय आहे. ती वाट एका पोस्टग्रेस नोडकडे न्यावी, त्या नोंदीवर काय चूक झाली तो मजकूर लिहावा आणि मग लूपकडे परतावे. एक बाब ध्यानात असू द्यावी. ट्रेलो नोडमधून बाहेर येतो तो ट्रेलोचा प्रतिसाद असतो, त्यात आपला तक्रार क्रमांक वेगळ्या रकान्यात नसतो. तो लूपच्या नोडमधून मागवावा लागतो.

'कार्ड झाले' या हो-नाही खुणेऐवजी ट्रेलोने परत दिलेला कार्डाचा आयडीच नोंदीत साठवावा, असे मी आग्रहाने सांगेन. कोणती तक्रार कोणत्या कार्डाची हे नाते डेटाबेसमध्येच असले पाहिजे. ते केवळ वर्कफ्लोच्या पोटात राहिले तर वर्कफ्लो पडला की नातेही तुटते.

रांगेतला:

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु लूप घातल्यावरही दोन फटी उरतात. पहिली अशी की आधीची फेरी पाच मिनिटांत संपली नाही, तरी शेड्यूल ट्रिगर दुसरी सुरू करतोच, आणि मग दोन्ही फेऱ्या त्याच नोंदी उचलतात. त्यासाठी नोंदी नुसत्या सिलेक्टने (वाचण्याच्या आज्ञेने) वाचू नयेत. एकाच अपडेट वाक्यात त्यांची स्थिती 'नवीन'वरून 'उचलली' अशी करावी, उचलल्याची वेळ लिहावी आणि रिटर्निंगने (बदललेल्या नोंदी परत देणाऱ्या भागाने) त्याच नोंदी पुढे द्याव्यात. आतल्या सिलेक्टला 'फॉर अपडेट स्किप लॉक्ड' जोडले की एका फेरीने धरलेल्या नोंदी दुसरी फेरी वगळते. पोस्टग्रेसच्या ९.५ आवृत्तीपासून ही सोय आहे.

दुसरी फट अशी की कार्ड झाले आणि आयडी लिहिण्यापूर्वीच दुकानातली वीज गेली. अशी नोंद 'उचलली' या स्थितीतच अडकून राहील. दहा मिनिटांहून अधिक काळ अडकलेल्या नोंदींसाठी एक वेगळा छोटा वर्कफ्लो ठेवावा. त्याने बोर्डावरील उघडी कार्डे एकदाच मागवावीत आणि शीर्षकाच्या सुरुवातीला लिहिलेला तक्रार क्रमांक जुळवून पाहावा. जुळला तर आयडी भरावा, न जुळला तरच नोंद पुन्हा 'नवीन' करावी.

आपण क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत) मजकूर थेट गुंफत असाल तर तेही बदलावे. माझ्या एका कामात कोणीतरी तक्रारीत '२०' पाइप' असे, फुटांसाठी एकेरी चिन्ह वापरून लिहिले होते. त्या चिन्हाशी क्वेरीतील मजकूर मध्येच संपला आणि संपूर्ण वाक्य मोडले. पोस्टग्रेस नोडमध्ये क्वेरी पॅरामीटर (मजकूर आज्ञेपासून वेगळा देण्याची सोय) देता येतात, तेच वापरावेत. एन८एनसाठी डेटाबेसचा वेगळा वापरकर्ता करून त्याला या टेबलापुरतेच वाचण्याचे आणि बदलण्याचे अधिकार द्यावेत.

कोरडवाहू:

दर पाच मिनिटांनी विचारत बसण्यापेक्षा पोस्टग्रेस ट्रिगर नोड का वापरू नये? नोंद पडताच कार्ड होईल.

जुना_डीबीए:

वापरता येईल, पण केवळ त्याच्या भरवशावर राहू नये. तो नोड पोस्टग्रेसच्या लिसन-नोटिफाय (ऐकणाऱ्याला सूचना देण्याच्या) व्यवस्थेवर चालतो, आणि ज्या क्षणी ऐकणारा जोडलेला नसेल त्या क्षणीची सूचना पोस्टग्रेस त्याच्यासाठी राखून ठेवत नाही. एन८एनचा कंटेनर पुन्हा सुरू होत असताना आलेली तक्रार कायमची सुटेल. शिवाय सूचनेतील मजकूर ८००० बाइटांपेक्षा कमी असावा लागतो, त्यामुळे तिच्यातून फक्त तक्रार क्रमांक पाठवणे श्रेयस्कर. या दुकानात रोज येणाऱ्या तक्रारी पाहता पाच मिनिटांची फेरी मला पुरेशी वाटते. सूचना हवीच असेल तर ती फेरी लवकर सुरू करण्यापुरती असावी.

वाइंडिंगवाला:

दोघांचेही मनापासून आभार. आठव्या नोंदीचा फिटर महिन्यापूर्वीच रुजू झाला होता आणि त्याच्या यादीच्या क्रमांकातले शेवटचे अक्षर गळले होते. सोमवारची ती तक्रार त्याच्या नावावरची पहिलीच होती. लूप घातला, अपडेट-रिटर्निंगही जमले, आणि काल मुद्दाम चुकीचा क्रमांक देऊन पाहिला तेव्हा बाकीची कार्डे एकेकदाच झाली. आता उलटा प्रवास करायचा आहे. फिटरने कार्ड 'झाले' यादीत सरकवले की टेबलात तक्रार पूर्ण व्हावी. शिवाय सकाळी आठला लावलेला आढाव्याचा वर्कफ्लो संध्याकाळी साडेपाचला चालतो, तो का?

रांगेतला:

वेळेचे आधी सांगतो. वेळक्षेत्र दिले नसेल तर एन८एन न्यूयॉर्कची वेळ धरतो. तिथे उन्हाळी वेळ चालू असताना सकाळचे आठ म्हणजे आपल्याकडचे साडेपाच, आणि हिवाळ्यात साडेसहा. कंटेनरच्या 'जेनेरिक टाइमझोन' या चलात 'एशिया/कोलकाता' लिहावे. कार्डाची मुदत काढताना हीच चूक एका दिवसाचा फरक पाडू शकते, म्हणून टेबलातील वेळेचा रकाना वेळक्षेत्रासह असलेल्या प्रकारचा आहे ना, तेही पाहावे.

उलट्या प्रवासासाठी ट्रेलो ट्रिगर नोड आहे, परंतु ट्रेलोला बाहेरून पोहोचता येईल असा पत्ता त्याला लागतो. वेबहुक, म्हणजे बदल झाला की कळवण्याचा पत्ता, नोंदवताना ट्रेलो त्या पत्त्यावर एक हेड विनंती (मजकुराविना उत्तर मागणारी विनंती) पाठवून उत्तर येते का ते तपासतो. दुकानातील ब्रॉडबँडच्या राउटरमागे असा पत्ता सहसा नसतो. तो मिळवणे जड वाटत असेल तर दर दहा मिनिटांनी बोर्डावरील कार्ड-सरकवण्याच्या कृती मागील वेळेपासून मागवाव्यात. त्या कृतींत आधीची यादी आणि नंतरची यादी दोन्ही असतात. वीज जाण्याचा आपला अनुभव पाहता मी हीच वाट निवडली असती, कारण संगणक तासभर बंद राहिला तरी पुढच्या फेरीत त्या तासातील कृती मिळतात.

नोंद शोधताना कार्डाचा साठवलेला आयडीच वापरावा, शीर्षक वापरू नये, कारण फिटर शीर्षकात भर घालतात. अपडेटच्या अटीत 'स्थिती अजून पूर्ण नसेल तरच' हे घालावे, म्हणजे तीच कृती दोनदा वाचली गेली तरी पूर्ण झाल्याची मूळ वेळ बदलणार नाही. फिटरने कार्ड चुकून सरकवून परत आणले तर काय करायचे, हे मात्र आधी दुकानात ठरवावे. आमच्याकडे मोटर चालू करून दाखवल्यावर शेतकऱ्याची सही घेतलेल्या पावतीचा फोटो कार्डाला जोडलेला असेल, तरच वर्कफ्लो तक्रार पूर्ण करतो.