रविवारचं सूप-सँडविच, आता फायनल ठरवा

सुजाता बी-३०६ (८:१२)
काल क्लबहाऊसमध्ये सूपची ट्रायल कोणी घेतली ते माहितीये, नाव घेत नाही. पातेलं तसंच ठेवून गेलात आणि आत दूध फाटून चोथापाणी. रविवारी ६० माणसं आहेत आणि ह्या सूपच्या जिवावर आपण केटररला नाही म्हणालोय

नीलेश ए-१०२ (८:२०)
पातेलं भिजत घातलं होतं ताई. आणि रेसिपी ह्याच ग्रुपवरची होती, कोणी टाकलेली ते वर जाऊन बघा 🙏

देशपांडे काका बी-२०१ (८:२४)
टोमॅटोत दूध घालूच नये. सार करावे. नारळाचे दूध, तूप-जिऱ्याची फोडणी, किंचित गूळ.

सुजाता बी-३०६ (८:३१)
रेसिपीत काही चूक नव्हती. उकळत्या सूपमध्ये फ्रीजमधलं थंड दूध ओतलं तर फाटणारच, टोमॅटो आंबट असतो. आधी चिमूटभर खायचा सोडा घालायचा, फेस बसला की गार पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लॉवर लावायचं, मग गॅस बंद करून कोमट दूध हळूहळू. हे सगळं लिहिलं होतं मी, वाचायचे कष्ट घ्या

पूजा बी-५०३ (८:३५)
दूध कशाला पण? आमच्याकडे टोमॅटोबरोबर लाल भोपळ्याची फोड आणि गाजर कुकरला लावतात, मस्त दाट होतं, कॉर्नफ्लॉवरही नको. रंगाला बीटाचा अगदी छोटा तुकडा, जास्त झाला तर रंगपंचमी

शहा भाभी ए-४०४ (८:४१)
गाजर बीट आमच्यात नाही चालत. मागच्या वेळी पण सांगितलं होतं 🙂

सुजाता बी-३०६ (८:४३)
भाभी तुमचं वेगळं करूच की, दरवेळी करतोच

शहा भाभी ए-४०४ (८:४४)
हो, वेगळं केलं होतं, सुरी मात्र कांद्याचीच होती

नीलेश ए-१०२ (८:४५)
🍿

देशपांडे काका बी-२०१ (८:४९)
सार करावे. गाजर बीट कॉर्नफ्लॉवर कशाचीच गरज नाही. जैन मंडळींनाही चालते. फक्त नारळाचे दूध घातल्यावर उकळी आणू नये.

पूजा बी-५०३ (८:५५)
काका सार भाताबरोबर हो, सँडविचबरोबर मुलं पिणार नाहीत. बरं सँडविचचं बोला, काल चटणीचं पाणी सुटून ब्रेड खालून लगदा झालेला. चटणीत दोन चमचे डाळं टाका, घट्ट राहते. वाटताना पाण्याऐवजी बर्फाचे दोन खडे, हिरवीगार राहते. आणि लोणी दोन्ही स्लाइसना अगदी कडेपर्यंत लावायचं, मधे ठिपका देऊन सोडायचं नाही, लोणी असलं की चटणी ब्रेडमध्ये मुरत नाही

नीलेश ए-१०२ (९:०२)
काकडीला मीठ लावून ठेवलं होतं ना कोणीतरी, पाणी तिचंच. टपरीवाला बघा, मीठ-मसाला शेवटी भुरभुरतो आणि लगेच वरून स्लाइस दाबतो

सुजाता बी-३०६ (९:०४)
कोणीतरी म्हणजे मी. थेट बोला

नीलेश ए-१०२ (९:०५)
नाव घेत नाही 😌

सावंत सेक्रेटरी (९:१८)
कृपया वाद नको. टोमॅटो ६ किलो सांगतो, किलोला साधारण दीड लिटर सूप धरलंय, माणशी एक वाटी. बटाटे शनिवारीच उकडून फ्रीजमध्ये ठेवा, गार झाले की चकत्या तुटत नाहीत. भाभींसाठी बटाट्याऐवजी उकडलेलं कच्चं केळं, चटणीत लसूण नको, सुरी-पाट नवीन. टोस्टर एका वेळी एकच लावा, क्लबहाऊसचा एमसीबी पडतो.

शहा भाभी ए-४०४ (९:२०)
थँक्यू भाऊ 🙏 केळी मी आणते, सुरी पण माझीच आणते

देशपांडे काका बी-२०१ (९:२२)
६ किलोत सारही होईल. नारळ माझ्याकडून.

पूजा बी-५०३ (९:२३)
काका छोट्या पातेल्यात करा ना तुम्ही, ज्यांना हवं ते घेतील

सुजाता बी-३०६ (९:२६)
करा काय करायचं ते. मी फक्त चटणी बघणार, माझ्या मिक्सरवर, आणि त्यात कोणी ढवळाढवळ करायची नाही. कोथिंबीर पुदिना शनिवारी संध्याकाळी ताजाच हवा, कोण आणतंय?

सुजाता बी-३०६ (१०:४०)
बघितलंय ३४ जणांनी. कोण आणतंय??