चौथ्या मजल्यावरून फेरीवाले ओळखायचे कसे?

नवा_गिरगावकर
गिरगावात चौथ्या मजल्यावर राहायला आलोय, लिफ्ट नाही. खालून दिवसभर हाका येतात, पण शब्द कळत नाहीत. उतरेपर्यंत माणूस गल्लीबाहेर! पों-पों कोण, तुण-तुण कोण? जाणकारांनी सांगा.

कठड्यावरचा_कावळा
शब्दांच्या नादी लागू नका. लांबून व्यंजनं विरतात, स्वर पोचतात. फेरीवाल्याला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो स्वरच ताणतो. 'भंगार'मधला 'गाऽऽ' तुमच्यापर्यंत येतो, 'र' खालीच राहतो. तेव्हा चाल लक्षात ठेवा आणि आठवडाभर वेळा टिपा.

सकाळचा रबरी भोंगा बहुधा सायकलवरचा इडलीवाला. (गोव्यात तोच भोंगा म्हणजे पोदेर, तिथला पाववाला.) तुण-तुण म्हणजे पिंजारी. चालताना तो धनुकलीची तात नुसती छेडतो, तो आवाज मोकळा, तुटक. कापूस पिंजायला बसला की तातेवर लाकडी ठोकळा पडतो आणि आवाज जाड, सलग होतो. तसा ऐकू आला तर सावकाश उतरा, गडी कुणाच्या तरी गाद्यांत अडकलाय.

गॅसवाला पान्याने टाकी वाजवतो. भरलेली 'ठक्' करून गप्प बसते, रिकामी 'ठण्ण' करत राहते. नुसतं ठण्ण-ठण्ण ऐकू येत असेल तर गाडीवर बहुतेक रिकाम्याच उरल्या.

दोन_टण
गुबुगुबूवर मात्र हमखास फसाल. सोबत बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ असेल तर नंदीबैलवाला, मधूनच आसुडाचा फटकारा आला तर कडकलक्ष्मी.

कठड्यावरचा_कावळा
बरोबर, ते राहिलंच.

जिन्यातली_मावशी
ओळखून उपयोग काय, गाठायला नको? पायी फिरणारा मिनिटाला साठ-सत्तर मीटर जातो, सायकलवाला त्याच्या दुप्पट-तिप्पट. आधी हाक द्या, मग जिना. 'अहो भाऊ, जरा थांबता का' खाली पोचतच नाही. 'एऽऽ इडलीऽऽ' पोचतं. दुसरं, अरुंद गल्लीत आवाज समोरच्या भिंतीवर आपटून येतो, डावीकडचा माणूस उजवीकडे वाटतो. खिडकीच्या आत उभं राहून अंदाज बांधू नका, डोकं बाहेर काढा.

आणि मुळात उतरायचंच कशाला? टोपली सोडा.

नवा_गिरगावकर
मावशी, पटलं! दहा मीटर दोरी पुरेल?

जिन्यातली_मावशी
नाही हो. मजल्याला साडेतीन मीटर धरा, जुन्या इमारतींची छतं उंच. चार मजल्यांचे चौदा, गाठीला आणि हाताला धरून अठरा घ्या. सुतळी नको, हात कापते. बोटाएवढी जाड सुती दोरी आणा. टोपलीत अर्धी वीट ठेवा, नाहीतर वाऱ्याने ती तिसऱ्या मजल्याच्या काचेवर आपटते आणि मग वेगळाच आवाज ऐकावा लागतो.