ट्वँग, मींड, बट्टा: कंट्री संगीतावर मराठीत लिहिताना (चौघांची चर्चा; टोपणनावं: खुंटी, तरफ, रानजाई, काळी दोन)

खुंटी
अमेरिकन कंट्री गाण्यांवर मराठीत लिहायला घेतलं की चार ठिकाणी हमखास अडतं. पेडल स्टील गिटारवरचा 'बेंड', त्याच वाद्याचा लांबणारा सूर म्हणजे 'सस्टेन', गाणाऱ्याच्या आणि गिटारच्या आवाजातला 'ट्वँग', आणि मुळात 'कंट्री' हा शब्द. कोशातून 'वाकवणे', 'टिकवणे', 'अनुनासिक स्वर', 'ग्रामीण' एवढंच हाती लागतं. 'तार वाकवून अनुनासिक गोडवा आणला' असं वाक्य वाचून कुणाच्याही कानात काही वाजणार नाही. आपल्या वादकांच्या बोलण्यात याहून नेमके शब्द असतीलच. कृपया सुचवा.

तरफ
पेडल स्टीलपासून सुरुवात करतो, कारण तिथे आपली परिभाषा फार श्रीमंत आहे.

आधी वाद्य काय करतं ते पाहू. गिटार आडवी, पायांवर उभी, टेबलासारखी. ई-नाइन या तारा लावण्याच्या मांडणीत दहा तारा. डाव्या हातात पोलादाचा गोल दांडा, साधारण सव्वातीन इंच लांब आणि पाऊण इंचाहून थोडा जाड, एक टोक गोळीसारखं निमुळतं. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या. उजवा पाय आवाजाच्या पेडलवर, डावा पाय सूर बदलणाऱ्या तीन पेडलांवर, आणि दोन्ही गुडघ्यांनी ढकलायच्या चार-पाच पट्ट्या.

त्या पोलादी दांड्याला 'बट्टा' म्हणावं. विचित्रवीणेवर काचेचा जो गोळा फिरवतात त्याला बट्टाच म्हणतात. हिंदीतल्या 'सिल-बट्टा'मधला तो बट्टा, म्हणजे आपला पाट्यावरचा वरवंटा. आकारही तोच आणि सरकवण्याची रीतही तीच.

आता 'बेंड'. बट्टा तारेवरून सरकवला की तारेची कंपणारी लांबी बदलते, ताण तोच राहतो. सतारीच्या भाषेत ही घसीट. पेडल दाबलं की बट्टा जागेवरच असतो. खालच्या सळया दुसऱ्या टोकाकडून तार ओढतात आणि ताण वाढतो. सतारिया पडद्यावर तार आडवी खेचतो तेव्हा नेमकं हेच घडतं. ती मींड. म्हणजे एकाच वाद्यात हाताची घसीट आणि पायाची मींड, दोन्ही आहेत.

पण खरी गंमत पुढे आहे. चौथी, पाचवी आणि सहावी तार घ्या. ई म्हणजे पेटीवरची पांढरी ३ हिला सा धरला तर या तारा सुट्या वाजवताना सा, प, ग देतात. डावीकडची दोन पेडलं (ए आणि बी) एकदम दाबली की पाचवी तार प वरून ध वर जाते, सहावी ग वरून शुद्ध म वर, आणि चौथी सा वरच उभी राहते. सा-ग-प चा सा-म-ध झाला. एक सूर खुंटा रोवल्यासारखा स्थिर, आणि त्याच्या शेजारून दोन सूर वर सरकताना ऐकू येतात. हे नुसत्या बट्ट्यानं होत नाही, कारण बट्टा सरळ सरकवला की सगळे सूर सारखेच चढतात. बट्टा तिरका धरून थोडंफार साधतं, पण मोजक्याच जोड्यांना आणि सूर सांभाळणं महाकठीण.

कानानं फरक ओळखायचा तर दोन ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवा. कंट्री गायक हँक विल्यम्सच्या 'युअर चीटिन हार्ट'मधली (1953) डॉन हेल्म्सची स्टील बिनपेडलची आहे. तिथे सगळी किमया बट्ट्याची. वेब पिअर्सच्या 'स्लोली'त (1954) बड आयझॅक्सनं सूर वाजत असतानाच पेडल दाबलं. त्या गाण्यानंतर नॅशविलच्या (हे कंट्री संगीताचं केंद्र असलेलं अमेरिकन शहर) स्टीलवादकांनी आपापल्या वाद्यांना पेडलं जोडायला घेतली. सुरुवातीचे काही क्षण ऐकलेत तरी आतल्या आत सरकणारे सूर कळतात.

रानजाई
बट्टा एकदम पटला. मींड-घसीटीच्या वाटणीवर मात्र हरकत आहे. ती सतारीपुरती खरी. सरोदला पडदेच नाहीत, तिथे नखानं तारेवर सरकूनच मींड घेतात आणि तिला मींडच म्हणतात. घसीट म्हटलं की सरोदियाला लांब पल्ल्याची, झपकन नेलेली ओढ आठवते. गायकाच्या लेखी तर एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड जाणं म्हणजे मींड. ताण की लांबी हा प्रश्नच उद्भवत नाही. हेल्म्सनं दोन सुरांमधून बट्टा हळुवार नेला त्याला 'घसीट' म्हटलंत तर वाचकाला काहीतरी खरखरीत वाटेल.

तरफ
हरकत बरोबर आहे, मी यंत्राकडे पाहून वाटणी केली, कानाकडे पाहून नव्हे. मग असं करू: 'बट्ट्याची मींड' आणि 'पेडलची मींड'. घसीट फक्त त्या लांब, वेगानं नेलेल्या ओढीसाठी राखून ठेवू, जी स्टीलवर पुष्कळदा गाण्याच्या अगदी तोंडाशी येते.

'सस्टेन'साठी 'आस'. छेडलेल्या सुराचा मागे उरणारा नाद म्हणजे आस, हा शब्द सतार-सरोदवाल्यांच्या तोंडी रोजचा आहे. पेडल स्टीलवर ही आस पायानं लांबवतात. तार छेडताना आवाजाचं पेडल अर्धंच उघडं ठेवायचं, आणि नाद जसजसा विरत जाईल तसतसं ते हळूहळू उघडत न्यायचं. विरणं आणि उघडणं एकमेकांना भरून काढतात, म्हणून सूर एका पातळीवर तरंगत राहतो. नवशिके पेडल आधीच पूर्ण उघडतात. मग पुढे द्यायला काही उरत नाही आणि आस तुटते. दुसरी चूक म्हणजे प्रत्येक आघाताला पेडल खालीवर करणं. त्यानं सूर हेलकावे खातो.

'डॅम्पिंग'ला वेगळा शब्द नको, 'तार मुकी करणं' पुरेसं आहे. बट्ट्याच्या मागे डाव्या हाताची उरलेली बोटं तारांवर हलकी टेकलेली हवीत, नाहीतर बट्ट्याच्या मागचा तारेचा तुकडाही कंप पावतो आणि किणकिण ऐकू येते.

आणि एक शब्द ज्यावर मला तोड सुचत नाही: 'कॅबिनेट ड्रॉप'. पेडल दाबलं की तारांचा एकूण ताण वाढतो, लाकडी पेटी किंचित वाकते, आणि ज्या तारा हलायला नकोत त्या काही सेंटनी (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) उतरतात. म्हणून पेडलं दाबलेल्या स्थितीतले सूर वेगळे लावावे लागतात, टोकाच्या नायलॉन स्क्रूंनी.

काळी दोन
'पेटी उतरते' म्हणा की. सूर उतरणं आणि पेटी दबणं दोन्ही त्यात आलं.

'ट्वँग'बद्दल. मराठीत याला एकच शब्द शोधू नका, कारण गिटारचा ट्वँग आणि गळ्याचा ट्वँग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गिटारसाठी 'टणत्कार' तयार आहे. पोथ्यांत धनुष्याच्या प्रत्यंचेचा टणत्कार असतो, तो ताणलेल्या तारेचाच नाद. कारणही सांगता येतं: तार घोडीजवळ छेडली किंवा तिथल्या पिकअपनं (तारेचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारं चुंबकी साधन) ऐकली की मूळ सूर क्षीण आणि वरचे उपस्वर ठळक होतात. टेलिकास्टर गिटारीत मागचा पिकअप घोडीच्याच पोलादी पट्टीत तिरका बसवलेला असतो, म्हणून कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डच्या बक ओवेन्स आणि डॉन रिच यांच्या गाण्यांत तो टणत्कार एवढा लख्ख आहे. कुठलीही साधी, पोकळ पेटीची गिटार घ्या, एकच तार आधी भोकावर आणि मग घोडीपासून दोन बोटांवर छेडा, फरक लगेच कळेल. इथे 'जवारी' मात्र वापरू नका. जवारी ही रुंद घोडीच्या पृष्ठभागाला तार घासून निघते. गिटारची घोडी अरुंद असते आणि तिथे तशी घासण निघाली तर तो दोष समजून दुरुस्त करतात.

गळ्यासाठी लोक पटकन 'अनुनासिक' किंवा 'गेंगाणा' लिहितात. 'गेंगाणा' ही तर शिवी झाली, आणि दोन्ही शब्द वस्तुस्थितीला धरून नाहीत. ट्वँग नाकातून येत नाही. स्वरतंतूंच्या लगेच वर घशाची वाट आवळली जाते, त्यामुळे आवाजाला धार चढते आणि तो गर्दीतून आरपार ऐकू येतो. तपासायला सोपं आहे: 'आ' लांब धरा आणि नाक चिमटीत दाबा. आवाज बदलला तर तो नाकातला. बदलला नाही आणि धार तशीच राहिली तर तो ट्वँग. काही गायकांत दोन्ही एकत्र असतात, ते वेगळं. मी 'धारदार गळा' लिहीन, आणि पहिल्या उल्लेखात 'ट्वँग' हा मूळ शब्द सोबत ठेवीन.

शिवाय ट्वँग म्हणजेच कंट्री असंही समजू नये. आपल्याकडे जुन्या रेकॉर्डप्रेमींना कंट्री गायक म्हणून आधी आठवतो तो जिम रीव्हज, आणि त्याच्या गळ्यात ही धार जवळजवळ नाहीच. 'फोर वॉल्स'पासून (1957) तो मायक्रोफोनच्या अगदी जवळ येऊन, खालच्या पट्टीत, हळू आवाजात गाऊ लागला. तो आवाज मऊ आणि भरीव आहे. त्याला 'घुमारा' शब्द शोभतो.

खुंटी
घुमारा! हाच शब्द हवा होता. आता 'कंट्री'चं काय करू? 'ग्रामीण संगीत' आणि 'लोकसंगीत' दोन्ही खटकतात.

रानजाई
खटकायलाच हवेत. ही गाणी सुरुवातीपासून रेकॉर्ड कंपन्यांच्या धंद्याशी बांधलेली आहेत. 1927 मध्ये व्हिक्टर कंपनीसाठी राल्फ पीअरनं अमेरिकेतल्या ब्रिस्टल गावी ध्वनिमुद्रणं केली, तिथेच कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स हे कंट्रीचे आद्य गायक पहिल्यांदा रेकॉर्डवर आले. गाण्यांना कवी आहेत, स्वामित्वहक्क आहेत. नावही बाजारानंच बदलत नेलं: आधी 'हिलबिली', ज्यात डोंगरी माणसाची टवाळी होती, मग 'बिलबोर्ड' या संगीतव्यवसायाच्या अमेरिकन मासिकाच्या यादीत 1944 मध्ये 'फोक', आणि 1949 पासून 'कंट्री अँड वेस्टर्न'. म्हणजे 'लोकसंगीत' लिहिलंत तर तुम्ही मधल्या पाच वर्षांचं लेबल उचलून सगळ्या इतिहासावर चिकटवता.

'देशी' हा शब्द मनाला फार भावतो. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवानं मार्गी आणि देशी अशी जी जोडी मांडली, त्यातलं देशी म्हणजे प्रदेशोप्रदेशीच्या लोकांना रुचणारं. पण आज महाराष्ट्रात 'देशी' आणि 'कंट्री' या दोन्ही शब्दांशेजारी दुकानाच्या पाटीवरची दारू उभी आहे. 'देशी संगीत' असं शीर्षक वाचून लोक भारतीय संगीताचा लेख समजतील, ती अडचण आणखी. म्हणून विशेषनाम म्हणून 'कंट्री' ठेवा आणि विशेषणासाठी 'कंट्री बाजाचं' वापरा. 'बाज' हा आपल्याकडे वादनशैलीचाच शब्द आहे.

'फिडल'ही तसंच ठेवा. वाद्य व्हायोलिनच, बाज वेगळा. काही फिडलवाले घोडीची कमान थोडी सपाट करून घेतात, म्हणजे दोन तारा एकदम वाजवणं सोपं जातं.

काळी दोन
एक सापळा राहिला. नॅशविलच्या स्टुडिओत कॉर्ड (एकदम वाजवायचे सूर) अंकांनी लिहितात: 1, 4, 5. पट्टी बदलली तरी कागद तोच चालतो. ही पद्धत 1950 च्या दशकाच्या अखेरीस जॉर्डनेअर्स या गायकगटातल्या नील मॅथ्यूजनं सुरू केली आणि स्टुडिओवादक चार्ली मॅकॉयनं वादकांत रुजवली. मराठीत हे अंक जसेच्या तसे लिहिलेत तर पेटीवाला 'चार' वाचून पांढरी ४ किंवा काळी ४ दाबेल. आपल्याकडे अंक पट्टीचे असतात, तिकडे ते सुरांच्या नात्याचे. म्हणून 1-4-5 ला 'सा-म-प च्या कॉर्ड' लिहा, आणि पट्टी वेगळी सांगा: 'सा पांढरी ५'. मायनर कॉर्ड असेल तर तिच्यापुढे तसं स्पष्ट लिहा, कारण 'ध ची कॉर्ड' एवढ्यावरून ते कळत नाही.

खुंटी
'स्लोली'वरचं वाक्य आता असं केलं आहे: "आयझॅक्सचा बट्टा जागेवरून हलत नाही, पेडलच्या मींडेनं आतले सूर वर सरकतात, बाहेरचा सूर स्थिर राहतो, आणि आस फुगत जाते."

तरफ
'आतले-बाहेरचा' काढा, वाचकाला तारांचा क्रम माहीत नसतो. 'दोन सूर वर सरकतात, एक स्थिर राहतो' एवढंच ठेवा. आणि आस फुगत नाही, ती लांबते.