‘श्मिगाडून’: संदर्भ माहीत नसले तरी

‘श्मिगाडून’ या अमेरिकन विनोदी संगीत मालिकेबद्दल कोणीतरी लिहिलंय की जुन्या ब्रॉडवे संगीतिका, म्हणजे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरची गाण्यांची नाटकं, पाहिलेली नसतील तर ती डोक्यावरून जाते. मला तसं अजिबात वाटलं नाही. पहिले दोन भाग आईबरोबर बसून पाहिले. तिने ब्रॉडवेचं एकही नाटक पाहिलेलं नाही, पण नाट्यपदांवर वाढलेली आहे. बोलता बोलता माणूस गायला लागतो याचं तिला काहीच नवल नाही! ‘कॉर्न पुडिंग’च्या गाण्यात अख्खं गाव त्या मक्याच्या पुडिंगवर जीव ओवाळून टाकतं आणि त्या गावात येऊन अडकलेल्या जोडप्यातल्या जॉशचा चेहरा आणखी आणखी आंबट होत जातो, तिथे ती डोळे पुसेपर्यंत हसली. तो आंबट चेहराच आपल्याला धरून ठेवतो. त्याच्या जोडीदार मेलिसाला हे सगळं मनापासून आवडतं, त्याला सोसवत नाही, आणि दोघांच्या नात्यातली कुरकुर गाण्यांच्या आडून दिसत राहते.

संदर्भ हवाच असेल तर एवढा पुरे: नाव १९४७ च्या ‘ब्रिगाडून’ या ब्रॉडवे संगीतिकेवरून घेतलंय, ज्यात शंभर वर्षांतून एकच दिवस प्रकटणारं गाव आहे. इथे पूल ओलांडून गावात येता येतं, पण खरं प्रेम सापडेपर्यंत बाहेर पडता येत नाही. आणि मागचे डोंगर रंगवलेले वाटतात ही तक्रार करू नका, ते मुद्दाम तसे आहेत. आईला तर लगेच आपल्या नाटकांतले रंगवलेले पडदे आठवले.