तिरंदाजीचा शनिवार-रविवार: हॉल की मैदान?

प्रेषक: सचिव, क्रीडा समिती

मंडळी, नमस्कार.

जूनमधल्या तिरंदाजीच्या दोन दिवसांसाठी मैदान बुक केलंय, पण इथल्या हवेचा भरवसा तुम्हाला ठाऊकच आहे. समितीत सरळ दोन तट पडलेत. एक म्हणतो बॅडमिंटनचा हॉल घेऊन मोकळे व्हा, दुसरा म्हणतो पाऊस आला तर बघू. आपल्या प्रसाद समितीच्या वहिनी सध्या पुण्यात माहेरी आहेत आणि गेल्याच आठवड्यात तिथल्या एका क्लबच्या शिबिरात मदतीला होत्या असं कळलं. वहिनी, दोन ओळी लिहाल?

—

प्रेषक: प्रसाद समिती (मु. पो. कोथरूड)

सचिवभाऊ,

दोन ओळींत होणार नाही. आई झोपली आहे आणि लाइट आहे, तोवर लिहून टाकते.

मैदान बावधनच्या पुढे. माझा भाचा तिथे शिकतो. मला पन्ह्याच्या पिंपाशी बसवायचं ठरलं होतं, पण बहुतेक वेळ मी बाण पुसत होते. मे महिना, म्हणजे सकाळी स्वच्छ, दुपारी भट्टी आणि चारनंतर वळवाचा नेम नाही. क्लबने वेळापत्रक घड्याळापेक्षा आभाळाकडे बघून आखलं होतं. साडेसहा ते दहा वारा पडलेला असतो, तेव्हा नवशिकी मुलं दहा मीटरवर. मोठ्यांचा सत्तर मीटरचा सरावही तेव्हाच, पण मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. भर दुपारी शेडमध्ये स्ट्रिंगला मेण लावणं, सुटलेली पिसं चिकटवणं, कुणाचा कोणता डोळा प्रबळ ते तपासणं. हे पावसासाठी राखून ठेवलेलं काम उन्हातच उपयोगी पडलं.

शनिवारी साडेतीनला हडपसरच्या बाजूने काळं चढलं. पाऊस यायच्या आधी धूळ आली, आणि खरी परीक्षा तिथे होती. टार्गेटचे स्टँड खुंट्या ठोकून दोरीने आवळलेले होते म्हणून बरं, नाहीतर एखादं तोंडावर आपटून आतले सगळे बाण मोडले असते. प्रत्येक टार्गेटच्या डोक्यावर छोटं निशाण असतं. ते बघत एक कॉलेजची मुलगी सत्तर मीटरवर उभी होती. एवढ्या अंतरावर बाण सेकंदापेक्षा जास्त वेळ हवेत असतो. टार्गेटवरच्या एकशे बावीस सेंटिमीटरच्या रंगीत कागदावर, म्हणजे फेसवर, मधलं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम सव्वाबारा सेंटिमीटरचं, म्हणजे वाऱ्याची एक झुळूक पुरते. ती नेम मधल्या पिवळ्याच्या उजवीकडे, लाल पट्ट्यावर धरत होती. धनुष्य ताणायची, निशाण फडफडलं की न सोडता परत खाली घ्यायची. सहा बाणांना मोजका वेळ मिळतो, त्यातला निम्मा तिने नुसता वाट बघण्यात घालवला. मला तर बघून घाम फुटला. शेवटचा बाण पिवळ्यात लागला तेव्हा तिच्या प्रशिक्षकांनी फक्त मान हलवली. पुण्यात कौतुक असंच मिळतं.

मग थेंब आले, आणि कोणी थांबलं नाही! तिरंदाजीत पावसासाठी खेळ थांबवत नाहीत, हे मलाही तिथे कळलं. फक्त लोकांची तारांबळ उडते. कंपाउंडवाल्यांच्या, म्हणजे कप्प्या लावलेलं धनुष्य वापरणाऱ्यांच्या, नेम धरायच्या भिंगावर थेंब बसतो आणि स्ट्रिंगमधल्या पीपच्या (ज्यातून बघून नेम धरतात त्या) भोकात पाणी साचतं, ते फुंकर मारून काढतात. खऱ्या पिसांचे बाण भिजून माना टाकतात, प्लास्टिकच्या पिसांना, म्हणजे व्हेनला, काही होत नाही. ओले बाण टार्गेटमधून उपसताना हात घसरतो, म्हणून रबराचा तुकडा लागतो.

थांबवतात ते विजेसाठी. शिट्ट्यांची भाषा आधी घटवून घेतली होती: दोन म्हणजे रेषेवर या, एक म्हणजे सोडा, तीन म्हणजे बाण आणायला चला, आणि पाच किंवा जास्त म्हणजे ताणलेला बाणसुद्धा न सोडता उतरवा. प्रशिक्षकांच्या मोबाइलवर ‘दामिनी’ होतं. ते आपल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचंच ॲप, विजेचा इशारा देणारं. शिवाय लखलखल्यापासून गडगडेपर्यंत ते सेकंद मोजत होते. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. आकडा तिसाच्या आत आला तशी पाच शिट्ट्या, आणि सगळे पक्क्या इमारतीत. मांडवात नाही, झाडाखाली तर नाहीच. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कोणालाही बाहेर सोडलं नाही.

त्या अर्ध्या तासात मुलांना साताऱ्याच्या अदिती स्वामीची गोष्ट सांगितली. २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंडचं जागतिक विजेतेपद मिळवलं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. नागपूरचा ओजस देवतळे त्याच स्पर्धेत अंतिम सामन्यात १५० पैकी १५० मारून जिंकला. आणि २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा प्रथमच ऑलिंपिकमध्ये येतेय. पोरं एकदम गप्प.

तेव्हा माझं मत: मैदानच घ्या, पण जवळ पक्की इमारत असेल असं.

—

प्रेषक: ज्येष्ठ नागरिक गट

वहिनी, तुमचं वर्णन झकास, पण अंगावर काटा आला. लहान मुलं, त्यांच्या हातात धनुष्यं, वर वीज! हॉल घ्या आणि जोडीला कॅरम ठेवा. आमच्या गुडघ्यांचाही विचार व्हावा.

—

प्रेषक: प्रसाद समिती

काका, गुडघ्यांसाठी खुर्च्या आहेतच. पण हॉलचं गणित बघा. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४ मीटर लांब आणि इनडोअर तिरंदाजीचं अंतर १८ मीटर. दोन कोर्टं लांबीला लांबी जोडून असतील तरच जमेल. शिवाय मागे बाण अडवणारी जाळी हवी आणि टार्गेटमागचं दार कुलूपबंद. मुलांना दहा मीटर पुरे, पण जाळी आणि कुलूप तिथेही लागणारच. हॉलवाल्याला हे आधी विचारा, मग भाडं विचारा.

मुलांचं म्हणाल, तर मला तिथे वीज सोडून दोनच गोष्टींची भीती वाटली. एक, बाण आणायला धावत जाणं. टार्गेटमध्ये रुतलेल्या बाणाचं मागचं टोक नेमकं मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला येतं, म्हणून चालतच जायचं. दुसरी, बाण न लावता ताणून सोडून बघणं. त्याने धनुष्याचे वरखालचे वाकणारे भागच मोडतात. पावसाचा दोन्हींशी संबंध नाही.

—

प्रेषक: सचिव, क्रीडा समिती

ठरलं. मैदान कायम. शेजारच्या शाळेची व्हरांड्यासकट इमारत दोन्ही दिवस उघडी मिळते का, ते उद्या विचारतो. मुलांची सत्रं सकाळी. शिट्टी एकाच माणसाकडे राहील, आणि तो माणूस मी नसेन, माझा दमा सगळ्यांना माहीत आहे. वहिनी, येताना रबराचे दहा-बारा तुकडे आणि फिंगर टॅब (स्ट्रिंग ओढताना बोटांना लावायचे पट्टे) आणा, पैसे मंडळ देईल. काका, कॅरम शाळेच्या व्हरांड्यात. बोर्ड तुमचा, पावडर मंडळाची.