प्रति: साथ ओळखायला अख्खी शाळा तपासायची का?

वर कोणीतरी म्हटलंय की साथीची चाहूल घ्यायला सगळ्या मुलांची तपासणी हवी. एवढा खटाटोप लागत नाही. 2009 च्या स्वाइन फ्लूत ख्रिस्ताकिस आणि फाउलर या संशोधकांनी अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या 744 विद्यार्थ्यांवर नजर ठेवली. काही जण चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडलेले, बाकीचे त्यांनीच मित्र म्हणून सांगितलेले. मित्रांच्या गटात साथ जवळपास दोन आठवडे आधी दिसली. ज्याच्या ओळखी जास्त त्याचं नाव जास्त जण घेतात, आणि फ्लूही त्यालाच आधी गाठतो. (यामागे समाजशास्त्रज्ञ स्कॉट फेल्ड यांनी 1991 मध्ये मांडलेला मैत्रीचा विरोधाभास आहे: सरासरीने आपल्यापेक्षा आपल्या मित्रांना जास्त मित्र असतात.)

आमच्या पंचवटीत एका रिक्षात तीन शाळांची पोरं कोंबलेली असतात. ती रिक्षा कुठल्याच हजेरीपटावर नसते, म्हणून कोणाच्या ओळखी जास्त हे पोरांनाच विचारावं लागतं.