चार सायकलींसाठी हिच रॅक कोणता घ्यावा?

प्रश्न: अमेरिकेत आहोत. तीन रांगांची एसयूव्ही, हिचचा २ इंची रिसीव्हर (गाडीच्या मागची चौकोनी नळी, जिच्यात रॅक बसतो). दोन मोठ्या सायकली, दोन मुलांच्या. टांगता रॅक की प्लॅटफॉर्म (ज्यात सायकली ट्रेमध्ये उभ्या राहतात)?

उत्तर १: प्लॅटफॉर्मच. मुलांच्या छोट्या फ्रेमला टांगायला वेगळी दांडी लावावी लागते, शिवाय टांगलेल्या सायकली झुलून एकमेकींना घासतात.

उत्तर २: आधी वजन जुळवा. समजा रॅक ३० किलो, सायकली ५०, म्हणजे ८०. हिचच्या टंग वेटची (हिचवर खाली पडणाऱ्या भाराची) मर्यादा याहून बरीच जास्त हवी, कारण भार मागे लोंबतो आणि खड्ड्यात झटका बसतो. जड सायकल गाडीजवळच्या ट्रेमध्ये ठेवा.

उत्तर ३: खडखड होते ती रिसीव्हरमधल्या फटीमुळे. साध्या पिनेऐवजी अँटी-रॅटल बोल्ट (रॅक रिसीव्हरमध्ये घट्ट आवळून धरणारा) लावा, थोडं अंतर गेल्यावर पुन्हा आवळा. डिकी उघडायची असेल तर खाली झुकणारा रॅकच बघा. मात्र तो झुकवल्यावर डिकी खरंच मोकळी उघडते का, हे दुकानातच पाहा.